आधी तपास, मग पाना

मार्गशीर्ष निम्मा सरला की लातूर-नांदेड पट्ट्यातल्या गॅरेजांत एक वाक्य सुरू होतं ते संक्रांत उलटेपर्यंत थांबत नाही : ‘थंडी हाय मालक. डिझेल गाडी हाय. सकाळच्या पारी असंच करतंय.’ मालक मान डोलावतो, मिस्तरी बॉनेट पाडतो, दोघं चहा घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी, तोच सेल्फ, तीच घरघर. महिन्याभराने गाडी चढाला दम टाकू लागली की दुसरं वाक्य येतं, ‘नोझल गेले.’ तिसरं त्याच्या पाठोपाठ, ‘नाहीतर पंप.’ आणि चौथं, जरा काचेची केबिन असलेल्या गॅरेजात, ‘कॉम्प्युटर लावला होता, त्यानंच सांगितलंय.’ आपल्याकडची निम्म्याहून अधिक डिझेल दुरुस्ती या चार वाक्यांवर चालते.

या वाक्यांमागचं मत असं. डिझेल गाडी मुळातच आडमुठी. थंडीत चालू न होणं हा तिचा स्वभाव. ओढ कमी झाली म्हणजे काहीतरी महागडं गेलेलं असणार. कोणतं, ते मुरलेला मिस्तरी नुसत्या आवाजावरून सांगतो. ज्याला सांगता येत नाही त्याने एकेक भाग बदलत जावं, कधी ना कधी सापडतंच. मोजमाप, तपासणी ही सगळी शोरूमवाल्यांची पैसे काढायची नाटकं. हे मत फक्त गॅरेजात असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ते प्राध्यापक मांडतात, वकील मांडतात, अडत व्यापारी मांडतात, आणि गाडीवर लाखो रुपयांचं कर्ज काढलेला तरुण ते हात जोडून ऐकून घेतो. म्हणून ते एकदा उलटून-पालटून पाहायलाच हवं.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. सकाळी गाडी चालू न होणं आणि गाडीने ओढ न घेणं या तक्रारी आहेत, बिघाड नव्हेत. बिघाड शोधावा लागतो. ते शोधणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते टाळून केलेली प्रत्येक दुरुस्ती हा जुगार आहे. त्यात पत्ते मिस्तरी पिसतो, पैसे तुमचे जातात.

आता थंडीपासूनच सुरुवात करू. कसली थंडी? लातूर-नांदेडला हिवाळ्यात पहाटेचा पारा बहुतेक दिवस दहा-पंधरा अंशांत फिरतो. कडाक्याच्या चार-आठ दिवसांत एक आकडी होतो. ‘डिझेल गोठतं’ म्हणणाऱ्यांनी भारतीय मानक १४६० काढून पाहावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी विकलं जाणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून बिनबोभाट जायला हवं आणि ३ अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं, असं ते मानक सांगतं. खरोखर डिझेल गोठतं ते लडाखात. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांतही न गोठणारं वेगळं डिझेल आणलं. लोह्याच्या आणि चाकूरच्या गाड्यांना त्याची गरज पडावी, एवढा हिमालय आपल्याकडे कधी सरकला?

बरं, डिझेल गोठत नाही, पण इंजिन तरी गार पडतंच की, असं कुणी म्हणेल. पडतं. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. डिझेलला आपोआप पेट घ्यायला अडीचशेच्या आतबाहेरची उष्णता पुरते. बाहेरची हवा तीसऐवजी बारा अंशांची असली तर दाबल्यानंतर आत फरक पडतो तो पन्नासेक अंशांचा. म्हणजे पाचशेऐवजी साडेचारशे. धडधाकट इंजिनाला एवढ्याने काही होत नाही. होतं ते ज्याचा सेल्फ मंद फिरतो, ज्याचा दाब गळतो, ज्याला पहिल्या फेऱ्यांत डिझेलच मिळत नाही, अशा इंजिनाला. उन्हाळ्यात ही दुखणी झाकून जातात. थंडी बिघाड करत नाही, बिघाडाची चहाडी करते. आणि आपण काय करतो? चहाडी करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो.

इंजिन उठायला फिरण्याचा वेग आणि दाब लागतो, ही गोष्ट मराठवाड्याला नवीन नाही, म्हणून तर चीड येते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली खडकीत उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं इथल्या विहिरींवर तिची इंजिनं हँडल मारून चालू होत होती. त्या शेतकऱ्याला ठाऊक होतं की आधी खटका उचलून दाब सोडायचा, चाक जोरात फिरवून वेग धरायचा आणि मगच खटका पाडायचा. फिरण्याचा वेग नसेल तर इंजिन धरणार नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचाच नातू आज स्कॉर्पिओच्या बटणावर बोट ठेवून बसतो, सेल्फ रडत-कुथत फिरतो, आणि तो म्हणतो, डिझेल आहे, असंच करतं!

अहो, सेल्फ किती वेगाने फिरतोय ते पाहा ना आधी. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली बसत असेल तर पुढचं काही बघू नका, आधी बॅटरी. बॅटरी ठीक असूनही सेल्फ मंद असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. तिथे अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं की अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. पट्टी घासून आवळायला किती वेळ लागतो? हे मोजणारा मीटर काही शेकड्यांत मिळतो. पण त्याच पट्टीपायी लोकांनी अख्खा सेल्फ नवीन घातलेला आहे, आणि तोही तितकाच मंद फिरलेला आहे.

मग येतात हीटर प्लग. ‘थंडीत चालू होत नाही म्हणजे हीटर प्लग गेले’ हे वाक्य कधीकाळी बरंचसं खरं होतं. १९९८ साली आलेल्या डिझेल इंडिकाच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठीत फवारलं जायचं, आणि गार कोठीत प्लग तापल्याशिवाय ते पेटत नसे. पण कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच नळीत (रेलमध्ये) दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या इंजिनात, ते थेट पिस्टनवर उडतं. बारा-पंधरा अंशांत अशी इंजिनं प्लगशिवायही बहुधा चालू होतात. एखाददुसरा प्लग मेला तर पहिलं मिनिटभर गाडी थरथरेल, मिसिंग करेल, पांढरा धूर टाकेल. पण पाच-सहा वेळा सेल्फ मारूनही न पेटणाऱ्या कॉमन रेल गाडीचा दोष एकट्या प्लगवर कसा टाकता? शिवाय प्लग मेला की नाही हे कळायला तो काढावाही लागत नाही. वायर सुटी करून ओहम मोजा. चांगला प्लग एखाद-दीड ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. आणि बॅटरीची तार थेट प्लगला लावून ‘लाल होतो का’ बघणाऱ्या उस्तादांनी एवढं ध्यानात ठेवावं की नव्या गाड्यांतले काही प्लग पाच-सात व्होल्टांचेच असतात. बारा व्होल्ट दिले की परीक्षेतच विद्यार्थी मारला जातो.

तपासणी नको असणाऱ्यांचे तोडगे मात्र तयार असतात. खंडोबाची माळेगावची यात्रा आणि तिला लागूनच येणारी येळवस (वेळ अमावास्या), हे दिवस पाहा. भल्या सकाळी भज्जी-आंबिलाची भांडी गाडीत चढलेली, बाया-पोरं बसलेली, शेत वाट बघतंय आणि गाडी ढिम्म. मग कुणी हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारतो, कुणी तोंडाशी पेटता बोळा धरतो, चार जण धक्का मारतात. गाडी चालू झाली की सगळ्यांना वाटतं, इलाज झाला. काय झालं असतं ते ऐका. स्प्रेतला इथर १६० अंशांतच पेटतो. हीटर प्लग तापलेले असताना तो आत गेला तर पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका होतो. त्यात रिंगा तुटतात, पिस्टन तडकतो, कधी हवेचा मॅनिफोल्डच फुटतो. धक्क्याचं म्हणाल तर कॉमन रेलमध्ये पंपाने पुरेसा दाब उभा केल्याशिवाय आणि गाडीतल्या संगणकाला पुरेसे व्होल्ट मिळाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही. मग धक्का मारणारे घामाघूम होतात आणि गाडी जागेवरच. बोळ्याबद्दल काय बोलावं? प्लास्टिकचे पाइप, रबराच्या नळ्या आणि कागदी फिल्टर असलेल्या हवेच्या वाटेवर आग धरायची, आणि वर त्याला अनुभव म्हणायचं!

आता नोझल आणि पंप. या दोघांची नावं एवढ्या आत्मविश्वासाने घेतली जातात की जणू त्यांच्यावाचून इंजिनात दुसरं काही नसतंच. मान्य, इंजेक्टर, म्हणजे गॅरेजातले नोझल, झिजतात. त्यांच्या आतल्या सुईचं माप मायक्रॉनमध्ये असतं, रेलमधला दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो, आणि पाणी किंवा कचरा गेला की ते खराब होतात. पण झिजले की नाही, हे ठरवायचं कसं? डोळे मिटून?

एक साधी गोष्ट करा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. सेल्फ जोरात फिरतोय आणि मागून धुराचा धागाही नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. या दोन्हींची घराणी वेगळी. पहिल्यात टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची वाट शोधायची, दुसऱ्यात उष्णता आणि दाब. दहा सेकंदांच्या या पाहणीने निम्मं इंजिन संशयातून सुटतं. इतकं स्वस्त निदान दुसरीकडे कुठे मिळेल? तरीही ही पाहणी गॅरेजात क्वचितच होते, कारण ती करताना काहीही विकता येत नाही.

पुढचा प्रश्न : गाडी फक्त रात्रभर उभी राहिल्यावर त्रास देते, आणि दिवसभर कितीही वेळा बंद केली तरी एका सेल्फात उठते? तोंड चढावर करून लावली की जास्त त्रास, उतारावर लावली की कमी? मग रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि लाइन एअर घेतेय. बऱ्याच गाड्यांत टाकी ते पंप ही बाजू ओढणारी असते. तिथली फट थेंब गाळत नाही, हवा पिते. म्हणूनच ‘कुठे गळत नाही’ म्हणून ती सुटून जाते. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी घाला आणि सकाळी पहिला सेल्फ मारताना तीत बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर फिल्टरचं वायसर, नळीची क्लिप, हँड प्राइमर, एवढ्यांतच कुठेतरी चोर सापडतो. पन्नास रुपयांच्या क्लिपेसाठी पंप उतरवून पुण्याला पाठवणाऱ्यांना आपण मुरलेले मिस्तरी म्हणायचं?

आणि इंजेक्टरवर संशय असेलच, तर त्यांची झडती घ्यायची पद्धतही ठरलेली आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि गाडी ठरावीक वेळ चालवायची, नाहीतर ठरावीक वेळ सेल्फ मारायचा. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी अर्धी भरली, तर चौथा इंजेक्टर दाब गिळतोय. एकच बदला. चारही बाटल्या सारख्याच आणि मापात, तर रिटर्नच्या बाबतीत चौघेही निर्दोष. मग ‘सेटच बदलून टाका, मिटली कटकट’ हे कशाच्या जोरावर? कटकट कुणाची मिटते, तेही पाहा. गाडी थंडीत रुसते की गरम झाल्यावर पेट्रोल पंपावर बंद करून पुन्हा उठत नाही, हा साधा प्रश्नही कुणी विचारत नाही. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरची गळती वाढते. गरम गाडी न उठण्यामागे इंजेक्टर-पंपाचा संशय जास्त, सकाळी न उठण्यामागे बॅटरी, प्लग, एअर आणि दाबाचा. हा भेद न करता दोघांना एकच औषध देणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

इथे कॉम्प्युटरवाले छाती पुढे काढतात. ‘आम्ही अंदाज करत नाही, आमचा स्कॅनर बोलतो.’ बोलतो ना. पण काय बोलतो? ‘पी ००८७’ हा कोड येतो. त्याचा अर्थ इतकाच की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. दाब का कमी आहे, हे तो सांगत नाही. तुंबलेला फिल्टर, लाइनमधली हवा, एका इंजेक्टरचा रिटर्न, दाबाचा नियंत्रक, दाबाचा सेन्सर आणि सगळ्यात शेवटी पंप, इतक्या जणांपैकी कुणामुळेही तो कोड येतो. कोड वाचून पंप बदलणारा आणि आवाज ऐकून पंप बदलणारा यांत फरक फक्त वायरीचा. पहिल्याने वायर लावली होती.

स्कॅनरची खरी कामगिरी कोडमध्ये नाही, चालू आकड्यांत आहे. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, नुसती किल्ली फिरवा आणि तीन तापमानं पाहा : पाण्याचं, आत येणाऱ्या हवेचं, डिझेलचं. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी असायला हवीत. अहमदपूरला पहाटे सहा वाजता पाण्याचा सेन्सर सत्तर अंश सांगत असेल तर तो धादांत खोटं बोलतोय. त्याच्यावर विश्वास ठेवून संगणक प्लग तापवत नाही आणि गार इंजिनाला लागणारं जास्तीचं डिझेलही देत नाही. मग सेल्फ मारताना रेलचा दाब पाहा. साधारण दोनशे बारच्या घरात गेल्याशिवाय बहुतेक इंजिनं उठत नाहीत. इंजिनाचे फेरे पाहा. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनरवर शून्य दिसतंय तर क्रँकचा सेन्सर. एवढं दिसत असताना केवळ लाल अक्षरातला कोड वाचून मशीन बंद करणं म्हणजे हातचा पुरावा फेकून देणं आहे.

ओढ कमी झाल्याच्या तक्रारीचीही हीच गत. ‘पिकअप नाही’ म्हटलं की टर्बोवर बोट. लातूरकरांकडे तर एक खास कारण तयार असतं, ‘आपलं गाव उंचावर, हवा विरळ, गाडी दम टाकणारच.’ लातूर समुद्रसपाटीपासून साधारण ६३० मीटरवर, नांदेड ३६० मीटरवर. या पावणेतीनशे मीटरांत हवेची घनता कमी होते ती जेमतेम तीन टक्क्यांनी, आणि टर्बोचा जन्मच ती भरून काढण्यासाठी झालेला आहे. याच इंजिनांच्या गाड्या मनालीला जातात. त्यांना बालाघाटाने दम लागावा?

ओढीच्या तक्रारीला चार प्रश्न विचारले की ती अर्धी उलगडते. एकदम गेली की हळूहळू? धूर काळा की काहीच नाही? इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी वाढत नाही, असं आहे का? किल्ली बंद-चालू केली की काही वेळ बरी चालते का? फेरे वाढतात आणि गाडी वाढत नाही तर क्लच घसरतोय, इंजिनाला हात लावू नका. किल्ली फिरवल्यावर बरी चालते तर संगणकाने स्वतःहून ताकद आवळली आहे, त्याला कशाची भीती वाटली ते वाचा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतेय. धूर नाही आणि ओढही नाही म्हणजे बहुधा डिझेलच कमी मिळतंय, आणि आधी डिझेल फिल्टर पाहायचा.

हवा कमी पडतेय म्हणजे लगेच टर्बो? तुळजापूर-लातूर-नांदेड-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता बरा झाला, पण त्याच्या दोन्ही अंगांच्या गावरस्त्यांवर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे जी धूळ उडते ती हवेच्या फिल्टरात जाऊन बसते. पुस्तकातला बदलीचा हिशेब शहरी रस्त्यांचा असतो, धुळीसाठी तो आणखी लवकर धरायला त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं. मग टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन हा मोठा रबरी पाइप. रेस केल्यावर कुठूनतरी ‘फुस्स’ ऐकू येतंय का? पाइपाच्या पोटाखाली, सांध्यापाशी, तेलाचा ओलसर काळा पट्टा दिसतोय का? त्यावर बोट फिरवा, पाइप वाकवून पाहा. वरून धड दिसणारी चीर वाकवल्यावर तोंड उघडते. टर्बोने दाबलेली हवा तिथून बाहेर, संगणकाने मोजलेलं डिझेल मात्र आत, म्हणून काळा धूर. त्यानंतर धूर परत इंजिनात सोडणारी, काजळीने उघडी अडकलेली ईजीआर झडप, मग व्हॅक्यूमची बारीक नळी, मग टर्बोची अडकलेली दांडी. हे सगळं पाहून झाल्यावर टर्बोचं नाव घ्यायचं. आपल्याकडे रांग उलटी लागते, कारण महागडी वस्तू दाराशी उभी असते.

२०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांनी आणखी एक साक्षात्कार घडवला आहे, ‘डीपीएफ काढून टाका, गाडी पळायला लागते.’ हा काजळी धरणारा फिल्टर आपली काजळी आपणच जाळतो, पण त्याला धुराचं तापमान सहाशे अंशांच्या घरात न्यावं लागतं. गंजगोलाई ते औसा रोड, वजिराबाद ते तरोडा नाका एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते कधी जमणार? दिवा लागल्यावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं महामार्गावर एका लयीत गाडी चालवायची, एवढंच त्याचं मागणं असतं. ते न करता फिल्टर कापून टाकणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग तर आहेच, पण इंजेक्टर किंवा ईजीआर जास्त काजळी का करत होते, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. काजळी पूर्वी फिल्टरात साठत होती, आता शाळेच्या फाटकाशी उभ्या पोरांच्या छातीत जाते.

उरलं ‘डिझेलच भेसळीचं’. इथे इतिहासाला मान द्यावा लागतो. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियाने जिवंत जाळलं. भेसळ ही कल्पना नाही. पण म्हणूनच तिचं नाव उचलून तोंडी लावू नये. ज्या टाकीतून तुम्ही भरलं त्याच टाकीतून त्या दिवशी कितीतरी गाड्यांनी भरलं, त्या सगळ्या अडल्या का? पंपावर घनता मोजून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. १५ अंशांना घनमीटरला ८१० ते ८४५ किलो ही बीएस-सहा डिझेलची मर्यादा आहे. तुम्ही कधी मागितलं? आणि स्वतःच्या फिल्टरच्या तळाचा नट सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून ठेवलंत, तर पाणी असेल ते तळाशी बसलेलं डोळ्यांना दिसतं. पंपवाल्याला शिव्या देणं याहून सोपं आहे, एवढाच काय तो फरक.

शेवटी जुन्या गाड्यांचे भक्त येतात. ‘इंडिका, सुमो बऱ्या होत्या, कुठेही, कुणीही दुरुस्त करायचा.’ करायचा, कारण पंप यांत्रिक होता आणि चुकीच्या टायमिंगवरही गाडी काळा धूर ओकत का होईना, चालायची. चुकीची दुरुस्ती खपून जात होती, याला गाडीचा गुण कसं म्हणायचं? आजची गाडी तापमान, दाब, हवा, फेरे, सगळं आकड्यांत सांगते. सांगणाऱ्या गाडीला बेकार म्हणायचं आणि न ऐकणाऱ्याला कसलेला, हा कुठला न्याय?

आता या सगळ्याचं मूळ. ते फक्त मिस्तरीकडे नाही, गाडीच्या मालकाकडेही आहे. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये आपण डॉक्टरची फी देतो, रक्त-लघवी तपासायचे पैसे देतो, ‘काही निघालं नाही’ असा रिपोर्ट आला तर देवाचे आभार मानतो. तोच माणूस गॅरेजात ‘तपासायचे पाचशे होतील’ ऐकल्यावर उसळतो : ‘नुसतं बघायचे कसले पैसे? काय टाकायचं ते सांग.’ मग मिस्तरीने काय करावं? शोधण्याचे पैसे मिळणार नाहीत, भाग टाकण्याचे मिळतील, तर तो भागच टाकणार. दोन तास घालवून क्लिप आवळणाऱ्याला पन्नास रुपये आणि दहा मिनिटांत इंजेक्टरचा सेट सांगणाऱ्याला कमिशनसकट हजारो, ही व्यवस्था आपण उभी केली आहे. नीट तपासणारी माणसं लातूरच्या एमआयडीसीतही आहेत आणि नांदेडातही. त्यांचं गॅरेज चालत नाही, कारण ती ‘लवकर सांगत नाहीत’.

म्हणून सांगणं रोखठोक आहे. पुढच्या वेळी कुणी ‘पंप गेला’ म्हणालं तर विचारा : काय मोजलं? किती आलं? किती यायला हवं होतं? या तिन्हींची उत्तरं नसतील तर पाना खाली ठेवायला सांगा. आकडा नसेल तर भाग नाही. आणि आकडा काढून देणाऱ्याला, बिघाड क्लिपेचा निघाला तरी, त्याच्या वेळेचे पैसे तिथल्या तिथे मोजा. थंडी, उंची, भेसळ, नशीब आणि डिझेलचा स्वभाव या पाच साक्षीदारांना आता घरी पाठवा. ते कधीच काही सिद्ध करत नाहीत, तुमचं पाकीट तेवढं हलकं करतात. गाडीला स्वभाव नसतो, बिघाड असतो. बिघाड सापडतो, पण तो शोधणाऱ्यालाच.